अठरा हातांचा साहेब

गोरक्ष गांगुर्डे मारकुटा होता. हे आधी सांगून टाकलेलं बरं. पुढे लोकांनी त्याला कलाकार म्हटलं, कामगारांचा माणूस म्हटलं, आणि नाशिकला कॉलेज रोडवरच्या एका सभेत तर हार घालून त्याच्या सोशिकपणाचं कौतुक केलं. सोशिक तो कधीच नव्हता. वणीच्या शाळेत असताना त्याने एका पोराचे पुढचे दात पाडले होते. अंबडच्या कंपनीत कायम झाल्यावर वर्षाच्या आत सुपरवायझरच्या कानाखाली वाजवली आणि महिनाभर बिनपगारी घरी बसला. लग्नानंतर एकदा आशाला मारलं. ती त्याच पावली ओझरला माहेरी निघून गेली. तिचे वडील तिथल्या विमानाच्या कारखान्यात फिटर होते. गोरक्ष तिला न्यायला गेला तेव्हा ती ओट्यावर उभी राहिली आणि शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "परत हात लावलास तर तापलेलं उलथणं तोंडावर ठेवीन. चालत असेल तर येते."

गोरक्ष म्हणाला, "चालंल."

त्यानंतर घरात त्याचा हात उठला नाही. बाहेर उठत राहिला.

कंपनी पंपांच्या मोटारी बनवायची. नव्वद-एक्क्याण्णव साली ती अंबडला आली तेव्हा सरकारने तिला जमीन स्वस्तात दिली, पाणी दिलं, विजेत सूट दिली आणि काही वर्षं विक्रीकर माफ केला. त्या वेळी कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. सिडकोतल्या घराघरांतून पोरं कामाला लागत होती. गोरक्षला नेमप्लेटच्या खोलीत काम मिळालं. मोटारीवर बसवायच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर कंपनीचं नाव आणि आकडे छापायचे. लाकडी फ्रेमवर ताणलेली बारीक जाळी, तिच्यावर चिकटवलेली, अक्षरं कापून काढलेली फिल्म, आणि वरून रबरी पट्टीने ओढलेली शाई. खोलीत दोघंच होते, गोरक्ष आणि विंचूरचा सुनील. सुनील कमी बोलायचा आणि भांडण दिसलं की बाजूला व्हायचा. दोघांचा डबा एकच असायचा. गोरक्षचं चित्र चांगलं होतं. जेवणाच्या सुट्टीत तो फिल्मच्या तुकड्यांवर साहेबांची तोंडं कापायचा आणि सुनील ती शाईने हातावर छापून घ्यायचा. पाणी पिताना बाकीच्यांना दिसली की सगळे हसायचे.

करमाफीची मुदत संपली आणि वर्षभरात कंपनीचा सूर बदलला. धंदा तोट्यात आहे, माणसं जास्त आहेत, असं सुरू झालं. दोन हजार एक साली गेटवर टाळेबंदीची नोटीस लागली. कायम कामगार बाहेर, आणि मागच्या दाराने शेखर नावाच्या ठेकेदाराची माणसं आत. शेखरला सगळे शेखरभाऊ म्हणत. त्याच्याकडे दोन जीपगाड्या होत्या आणि कामाला माणसं लावायची असोत की कुणाला गप्प करायचं असो, दोन्हीसाठी त्यालाच फोन जायचा.

युनियनचा पुढारी भिमाजी होता. लेथवर हयात गेलेला, पन्नाशीचा, शांत माणूस. गेटसमोर लिंबाखाली सभा व्हायची. त्या दिवशी भिमाजी नेहमीसारखाच सावकाश बोलत होता.

"ही कंपनी कुणाच्या जिवावर उभी राहिली? सरकार म्हणतं आम्ही सवलत दिली. सवलत म्हणजे काय? तुमच्या माझ्या दवाखान्याचं, शाळेचं, नळाचं जे व्हतं ते उचलून यांच्या ताटात वाढलं. जेवून झालं. आता हात धुवून चालले. मग आमाला पाहुण्यासारखं का वागवता? आमी तर सैपाक केला."

लोक हसले. तेवढ्यात जीप आली. त्यातून तीन पोरं उतरली. शिवी नाही, दम नाही. पहिल्या पोराने लोखंडी गज दोन्ही हातांनी डोक्यामागे नेला आणि भिमाजीच्या टाळूवर उतरवला. भर दुपारी, शंभरेक माणसांसमोर. नारळ फुटावा तसा आवाज झाला. भिमाजी उभ्याचा खाली बसला आणि मग आडवा झाला.

माणसं मागे सरली. गोरक्ष पुढे गेला. गजवाल्याला त्याने केसांनी धरलं आणि जीपच्या बॉनेटवर त्याचं तोंड आपटलं. परत आपटलं. तो पोरगा आई आई करायला लागला तरी थांबला नाही. दुसऱ्याने पाठीत सळई घातली तेव्हा त्याची पकड सुटली. जीप निघून गेली. बॉनेटवर रक्त होतं, डांबरावर रक्त होतं, आणि गोरक्षने भिमाजीचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा त्याचा शर्ट पोटापर्यंत भिजला.

पोलिसांनी लिहिलं की धक्काबुक्कीत भिमाजी पडला आणि दगड लागला. गोरक्षला मात्र मारहाण केली म्हणून आत टाकलं. दुसऱ्या दिवशी सुटून घरी आला तेव्हा शर्ट वाळून पत्र्यासारखा झाला होता. आशाने पाणी तापवलं. तो अंघोळीला गेला नाही. घरी लग्नपत्रिका छापायची एक जुनी फ्रेम होती, ती त्याने काढली, फिल्म पसरली आणि कटर घेऊन बसला.

"मारायला जाशील वाटलं होतं. कुणाला जाणार होतास?" आशाने विचारलं.

"शेखरला."

"मग?"

"जीव घेईन त्याचा, असं झालंय. बसू दे मला."

तो दिवसभर कापत राहिला. वणीचा माणूस, अठरा हातांच्या देवीआईच्या गडाखाली वाढलेला. त्याच्या हातून जे आलं ते असं होतं: कोट-टाय घातलेला एक साहेब, तोंडाच्या जागी नुसता पांढरा गोल, आणि अंगाला अठरा हात. एका हातात नळ, एकात विजेचा खांब, एकात जमिनीचा तुकडा वर उगवलेल्या घरासकट, एकात खुर्ची, एकात शिक्का. सगळे हात एकाच दिशेने काही ना काही देत होते, समोरच्या एका जबड्याला. जबड्याचे दात यंत्राच्या दातेरी चाकाचे होते. साहेबाच्या पायाखाली माणसं होती, त्यांतल्या एकाची टाळू फुटलेली. चित्र काळं, टाळू तेवढी लाल. खाली लिहिलं होतं, "घे. अजून घे."

लाल शाई ओढताना त्याने रबरी पट्टीवर इतका जोर दिला की जाळी फाटली. आशाने ओढणीसारखं दुसरं कापड बांधून पाहिलं, ते चाललं नाही. मग भांडी बाजारात जाऊन तिने नवी जाळी आणली.

पहाटे दोघांनी खळ शिजवून पोस्टरं लावली. अंबडला, पवननगरला, त्रिमूर्ती चौकात, सीबीएस बसस्टँडच्या भिंतीवर. सकाळी लोक थांबून पाहू लागले. काहीजण हात मोजत होते. एका म्हातारीने विचारलं, हा कोन, आणि कुणी तरी सांगितलं, सरकार हाय. म्हातारी म्हणाली, तोंड का नाय काढलं. तो माणूस म्हणाला, दर पाच वर्षांनी बदलतं म्हणून.

दुपारपर्यंत शेखरच्या पोरांनी अर्धी फाडली. गोरक्षने पुन्हा लावली. त्यांनी पुन्हा फाडली. पपया नर्सरीजवळ त्यांनी त्याला एकटा गाठलं आणि लाथांनी बरगडी मोडली. तो घरी आला, छातीला पट्टा बांधला आणि दुसरं चित्र कापायला घेतलं: कंपनीचं गेट, आणि गेटच्या फटीतून आत ओढला जाणारा गावाचा रस्ता, दोरासारखा. मग तिसरं, चौथं. रोजंदारीवर माल उतरवून तो कागद आणायचा. पैसे संपले की जुन्या कॅलेंडरांच्या मागे छापायचा. बंद पडलेल्या दुसऱ्या कारखान्यांतली माणसं येऊन चित्रं मागून नेऊ लागली. सातपूरच्या एका चहावाल्याने अठरा हातांचा साहेब काच लावून टांगला. शेखरच्या पोरांनी ती काच त्याच्याच तोंडावर फोडली.

भिमाजी वाचला, पण बोलणं गेलं. घशातून नुसता घोगरा आवाज निघायचा. गोरक्ष दर आठवड्याला नवं चित्र त्याच्या घरी दाखवायला न्यायचा. भिमाजी ते हातात धरून ठेवायचा आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं. ते दुःखाचं की मेंदूला मार लागल्याचं, हे डॉक्टरलाही सांगता आलं नाही.

पुढच्या चैत्रात सुनील घरी आला. पायात नवे बूट होते. तो शेखरकडे कामाला लागला होता, हे गोरक्षला तोवर ठाऊक नव्हतं.

"गोरख्या, बंद कर आता," सुनील म्हणाला. "भाऊ म्हणतात, नेमप्लेटची खोली परत सुरू करतो. तू आणि मी. जुनं सगळं विसरून जाऊ."

"भिमाजीला विचारलं का, विसरतो का म्हणून?"

"मला दोन पोरी हायेत. तुला काय, तू मारून घेशील. माझ्यानं नाय होत."

"मग इथं कशाला आला? त्याचा कुत्रा म्हणून?"

"सांगायला आलोय. ते ऐकणार नाहीत. त्या चित्राचं ते काही तरी वेगळं करणार हायेत. ऐक माझं."

गोरक्षने त्याला पुरतं बोलू दिलं नाही. छातीवर लाथ घालून उंबऱ्याबाहेर टाकलं. काय वेगळं करणार, हे विचारायचं राहून गेलं.

ते दोन दिवसांत कळलं. गडावर चैत्राची यात्रा भरलेली होती. खानदेशातून पायी येणारी माणसं नाशिकच्या रस्त्यांवरून चालली होती. सिडकोत आणि पंचवटीत बोलणं पसरलं की अंबडच्या एका कामगाराने वणीच्या देवीला कोट घातला, तिचं तोंड पुसलं आणि तिच्या पायाखाली मुडदे टाकले. हात मोजा, अठराच आहेत. ज्यांनी आधी हसत हसत मोजले होते त्यांनी पुन्हा मोजले.

दुपारी जमाव आला. पुढे शेखरची पोरं होती, मागे खरोखर रागावलेली माणसं होती, आणि तीच जास्त होती. आशाने दाराला कडी घातली. दार बिजागरीसकट आत आलं. त्यांनी छापलेले गठ्ठे अंगणात फेकून पेटवले, फ्रेमा पायाखाली मोडल्या, शाईचे डबे भिंतीवर फोडले. आशा आडवी गेली तर एकाने तिच्या तोंडावर काळ्या शाईचा डबा उलटा केला. गोरक्षने पहिल्या दोघांना पाडलं. मग सात-आठ जण अंगावर पडले. त्याला उंबऱ्यावर पालथा पाडून कुणी तरी ओरडलं, "ज्या हातानं काढलं तो हात धरा."

हात धरला तो सुनीलने. त्याने गोरक्षचं मनगट दोन्ही हातांनी उंबऱ्याच्या दगडावर दाबून धरलं. तो डोळे मिटून घेत होता, पण सोडत नव्हता. आतून कुणी तरी वरवंटा आणला. पहिल्या घावात दोन बोटं गेली. दुसरा पंजाच्या मधोमध बसला. तिसऱ्याला गोरक्षला हाताचं काही कळतच नव्हतं. त्याचा डावा हात कुणी तरी सोडला होता. उंबऱ्याजवळ कटर पडलं होतं. त्याने ते उचललं आणि समोरच्या तोंडावर आडवं ओढलं.

सुनीलची किंकाळी गल्लीच्या टोकाला ऐकू गेली. त्याने दोन्ही हात डोळ्यावर धरले होते आणि बोटांमधून रक्ताबरोबर दुसरंही काही तरी वाहत होतं. ते पाहिल्यावर जमाव फुटला. पेटलेला कागद हवेत उडत होता, तेवढाच आवाज उरला.

सुनीलचा डावा डोळा गेला. गोरक्षवर दोन गुन्हे लागले, एक डोळ्याचा आणि एक भावना दुखावल्याचा. जमावावर काही लागलं नाही.

त्याला कोर्टात आणलं तेव्हा त्याची आई अंबूबाई वणीहून आली होती. ती गडाखाली नांदुरीला ओटीचं सामान विकायची. खण, नारळ, बांगड्या, कुंकू. कोर्टाच्या आवारात पोलीस त्याला घेऊन उभे होते. उजव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज होतं. अंबूबाई सरळ त्याच्यापाशी गेली आणि त्याच्या तोंडात मारली. हवालदार मध्ये पडला तर तिने त्याचाही हात झटकला.

"अठरा हात कशाला काढले रं?" ती म्हणाली. "दुसरा आकडा नव्हता का तुला?"

"आई, ती देवी नाय. मी देवीला काढीन का?"

"मला ठावं हाय ती देवी नाय. त्यांना ठावं नाय ना. त्यांच्या हाती दगड तूच दिला." मग ती खाली बसली, फडकं सोडलं आणि भाकरी मोडून त्याच्या तोंडात घास घालू लागली, कारण त्याला हाताने खाता येत नव्हतं. "टपरी मोडली माझी. बांगड्यांचा चुरा केला."

"कोणी मोडली?"

"आपल्याच गावच्यांनी."

"नावं सांग."

"नाय सांगणार. तू त्यांना मारशील."

पुष्कळ दिवसांनी जामीन झाला. उजवा पंजा जुळला, पण चमच्यासारखा वाकडा, मूठ वळत नव्हती. गोरक्ष डाव्या हाताने कापायला शिकला. रेषा जाड्याभरड्या येऊ लागल्या, कडा फाटक्या. शाई ओढायचं काम आशाने घेतलं. तिच्या कानामागची काळी शाई अजून पुरती गेली नव्हती. पोस्टरं लावायला मात्र आता कुणी सहजासहजी येत नसे. लोक रस्ता बदलून जायचे.

दोन हजार चार साली बातमी आली की कंपनी यंत्रं उचलून उत्तरेकडच्या एका डोंगरी राज्यात चालली. तिकडे नवी करमाफी होती, नवी जमीन होती. शेखरच्या ठेक्यातली माणसंही एका दिवसात रस्त्यावर आली. त्यांना तर नोटीसही मिळाली नाही.

ट्रक भरून गेटवर उभे राहिले त्या सकाळी जुने-नवे सगळे कामगार आडवे पडले. गोरक्ष आणि आशा खळीची बादली आणि नवीन चित्रांचा गठ्ठा घेऊन आले. चित्रात ट्रकच्या चाकांना जबडे होते आणि चाकांमागे खड्डे पडलेलं गाव होतं. खाली मजकूर होता, "इथलं खाऊन झालं. तिकडच्यांनो, सांभाळा." ते ट्रकांच्याच अंगाला चिकटवायचं त्यांनी ठरवलं होतं, म्हणजे कंपनीच ते तिकडे घेऊन जाईल.

चार ट्रक झाले होते, तेव्हा गर्दीतून सुनील पुढे आला. एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती, बूट फाटले होते, हातात पाण्याच्या पाइपाचा तुकडा होता. आशाने त्याला आधी पाहिलं आणि ओरडली. गोरक्ष वळला. सुनीलने पाइप फिरवला तो त्याच्या कानावर बसला. गोरक्ष गुडघ्यावर आला. कानातून रक्त मानेवर उतरलं. सुनीलने पुन्हा पाइप उचलला.

आसपासचे सगळे थांबले होते. गोरक्षचा डावा हात बादलीच्या कडीवर होता. पत्र्याची भरलेली बादली, एका फटक्यात माणूस आडवा झाला असता. त्याने कडी सोडली.

"मार," तो म्हणाला. "तुझा हक्क हाय."

सुनील पाइप धरून उभा राहिला. मग तो म्हणाला, "माझ्या पोरी डावीकडून आल्या तर मला दिसत नाहीत. तेवढं सांगायचं व्हतं." आणि त्याने पाइप खाली टाकला.

तेवढ्यात पोलिसांनी लाठ्या चालवल्या. समोरून नाही, बाजूने आले, आडव्या पडलेल्या माणसांच्या नडग्यांवर. हाडं मोडल्याचे आवाज आणि गाड्यांची इंजिनं एकदमच सुरू झाली. आशाच्या खांद्यावर लाठी बसली आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. ती ट्रकच्या पुढच्या चाकापाशी पडली. ट्रक हलला होता. गोरक्षला उजव्या हाताने तिला धरता येईना, बोटं वळतच नव्हती. सुनीलने वाकून तिच्या काखेत हात घातले आणि तिला ओढून काढलं. ती जिथे पडली होती तिथल्या खळीच्या बादलीवरून चाक गेलं.

तिघांना एकाच पोलीस गाडीत कोंबलं. ठाण्याच्या दारात उतरताना सुनीलने विचारलं, "किती ट्रकांना लागलं?"

"चार," गोरक्ष म्हणाला.

डोळ्याचा खटला दोन हजार सहा साली उभा राहिला. पिंजऱ्यात सुनीलला विचारलं, आरोपीने वार केला का. सुनील म्हणाला, गर्दी होती, शाई उडत होती, कुणाचा हात ते मला दिसलं नाही. सरकारी वकिलाने तीन वेळा फिरवून विचारलं. त्याने तीन वेळा तेच सांगितलं. गोरक्ष सुटला. भावना दुखावल्याचा खटला साक्षीदार न आल्यामुळे आणखी दोन वर्षांनी आपोआप मेला. अंबूबाई तोवर नव्या टपरीत बसू लागली होती. ती मोडणाऱ्यांची नावं तिने शेवटपर्यंत सांगितली नाहीत.

कोर्टाबाहेर आशाने सुनीलला गाठलं. "खोटं का बोललास?"

"तो आत गेला तर माझा डोळा येणार हाय का?" सुनील म्हणाला. "आणि कामगार कोर्टात कंपनीवर आमच्या दोघांचा दावा एकच हाय. एक माणूस कमी झाला तर कंपनीचंच बरं."

त्यांची पुन्हा मैत्री झाली, असं मला म्हणता येणार नाही. गोरक्षच्या घरी सुनील परत कधी आला नाही. पण कामगार कोर्टाच्या तारखेला दोघं एकाच बाकावर बसायचे. गोरक्ष त्याच्या डाव्या बाजूला बसायचा, ज्या बाजूने सुनीलला काही दिसत नव्हतं, आणि त्या बाजूने कुणी माणूस गेला की हळूच सांगायचा, वकील आला, किंवा कंपनीचा माणूस आला. दोन हजार नऊ साली भिमाजी गेला. त्याच दिवशी कोर्टाची तारीख होती आणि न्यायाधीश रजेवर होते. पुढची तारीख घेऊन दोघं अमरधामला गेले.